निवडलेला मुलगा नको

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीनं गेल्या पावसाळ्यात फोनवर तीन अटी घातल्या. "मावशी, मोठ्यांसाठीची एखादी नवी फॅन्टसी सांग ना. पण भविष्यवाणीत नाव आलेला मुलगा नको, संपता संपत नाही अशी मालिका नको, आणि वाक्य लिहिता येणारा लेखक हवा." ती चौतीस वर्षांची आहे. टोल्किन तिचा शाळेतच वाचून झाला, मार्टिन कॉलेजात. अटी ऐकायला साध्या होत्या, पण त्यांत बसेल असं पुस्तक हाती यायला मला दोन महिने लागले. इंग्रजीत फॅन्टसीचा पूर आलेला असताना चोखंदळ वाचक रिकाम्या हातानं दुकानातून का परततो, ते त्या दोन महिन्यांत मला कळलं.

'मोठ्यांसाठीची फॅन्टसी' ही पाटी तशी जुनी. अमेरिकेत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या स्वस्त आवृत्त्या हातोहात खपल्या, तेव्हा बॅलन्टाइन प्रकाशनानं १९६९ मध्ये नेमक्या याच नावाची माला काढली. लिन कार्टर हे तिचे संपादक. १९७४ पर्यंत ६५ पुस्तकं निघाली. लॉर्ड डन्सेनी, विल्यम मॉरिस, होप मर्लीज अशा लेखकांची धूळ खात पडलेली पुस्तकं कार्टर यांनी हुडकून काढली, आणि त्यांतलं एक दुसऱ्यासारखं नव्हतं. पुढे १९७७ मध्ये टेरी ब्रुक्स यांची 'द स्वोर्ड ऑफ शॅनारा' आली. टोल्किनशी असलेलं तिचं साम्य कुणाच्याही नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं, आणि तरी, किंबहुना म्हणूनच, ती धो धो खपली. माझ्या मते फडताळाची रचना तिथे बदलली. कार्टर वेगळेपण शोधत होते. त्यानंतरचा बाजार सारखेपण शोधू लागला.

आज तो शोध पार घटकांपर्यंत पोचला आहे. आधी वैर मग प्रेम, ड्रॅगनांची शाळा, परागंदा राजकन्या अशा चिठ्ठ्या लावून पुस्तकं विकली जातात. प्रणय आणि फॅन्टसी एकत्र करणाऱ्या 'रोमॅन्टसी'ची लाट यावरच उभी आहे. रेबेका यारॉस यांच्या 'ऑनिक्स स्टॉर्म'च्या २७ लाखांहून अधिक प्रती जानेवारी २०२५ मध्ये पहिल्याच आठवड्यात खपल्या. या वाचकांना, आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत, नावं ठेवणं मला मान्य नाही. त्यांना जे हवं होतं ते इतकी वर्षं कुणी मन लावून लिहीतच नव्हतं. माझी तक्रार चिठ्ठ्यांबद्दल आहे. आमटीत गोडा मसाला, आमसूल आणि गूळ आहे एवढं सांगितल्यानं ती कशी झाली ते कळत नाही. भाचीचा प्रश्न सैपाक करणाऱ्या हाताबद्दल होता, आणि शिफारशी मिळत होत्या त्या सामानाच्या यादीच्या.

दुसरा घोळ 'मोठ्यांसाठी' या शब्दाचा. रक्त जास्त सांडलं आणि शेजघराचं दार उघडं राहिलं की पुस्तक प्रौढ झालं, असा समज पसरला आहे. मला प्रौढपण दिसतं ते उर्सुला ली ग्विन यांच्या 'टेहानू'त. अर्थसी मालिकेचा तिसरा भाग १९७२ मध्ये आला आणि हा चौथा १९९० मध्ये. ज्या गेडच्या जादूवर आधीची पुस्तकं उभी होती, त्याची सगळी शक्ती आता सरली आहे. तेनार मध्यमवयीन विधवा आहे, शेत सांभाळते, आगीत होरपळलेल्या एका पोरीला वाढवते. महान जादूगाराला शेळ्या राखाव्या लागतात आणि आपल्या लाजेसकट जगावं लागतं. अनेक जुने वाचक या पुस्तकावर रुसले. मला मात्र इतकं धाडसी वळण घेतलेली दुसरी मालिका आठवत नाही.

अपुऱ्या मालिकांबद्दल फार लिहीत नाही, जखम सगळ्यांनाच ठाऊक आहे. मार्टिन यांचा पाचवा खंड आणि पॅट्रिक रॉथफस यांचा दुसरा, दोन्ही २०११ चे. पुढच्या खंडांची वाट पाहण्यात एक पिढी मोठी झाली. भाचीची दुसरी अट तिथून आलेली आहे आणि ती रास्त आहे.

जादूच्या नियमांचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा. ब्रँडन सँडरसन यांनी मांडलेलं सूत्र आज या क्षेत्रात घटनेसारखं पाळलं जातं: वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल, तितकाच तिचा वापर पेच सोडवायला करावा. कथानकाच्या प्रामाणिकपणासाठी ते योग्यच आहे. पण भरतमुनींनी अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितला आहे, आणि कोष्टकात बसवलेल्या जादूतून विस्मय निसटतो. उरतं ते यंत्राचं कौतुक. याला अपवाद ठरलेलं अलीकडचं पुस्तक म्हणजे रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची 'द टेंटेड कप' (२०२४), २०२५ चा ह्यूगो पुरस्कार मिळालेली. माणसाच्या अंगातून झाड फुटून त्याचा जीव गेलेला आहे, डोळ्यांवर पट्टी बांधून वावरणारी एक तपास अधिकारी आहे आणि पाहिलेलं काहीही न विसरणारा तिचा साहाय्यक आहे. दर पावसाळ्यात समुद्रातून अजस्र प्राणी किनाऱ्याकडे येतात आणि त्यांना थोपवणारी भिंत टिकवणं हेच साम्राज्याचं काम. इथे नियमांची उकल हीच कथा असल्यानं ती बोचत नाही. मालिका आहे खरी, पण गुन्ह्याचा छडा याच पुस्तकात लागतो.

मात्र ज्या पुस्तकाची पहिली दहा पानं वाचून मी दुकानातच खाली बसले ते सुझाना क्लार्क यांचं 'पिरानेसी' (२०२०). आधीची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' २००४ ची. मध्ये सोळा वर्षं आणि दीर्घ आजारपण. अंत नसलेलं एक घर, दालनांमागून दालनं, पुतळे, खालच्या मजल्यांवर भरती-ओहोटी. निवेदक मासे पकडतो, भरतीच्या वेळा मांडतो, तिथल्या तेरा मृतांच्या अस्थींना फुलं वाहतो. चमत्कार म्हणावा असं फारसं काही घडत नाही. विस्मय आहे तो त्याच्या वाक्यांतल्या भरवशात. क्लार्क 'घर', 'पुतळे', 'भरती' हे शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करतात आणि त्या एका युक्तीतून निवेदकाची भक्ती पानभर पसरते. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. मराठीत कुणी हे पुस्तक आणायचं म्हटलं तर ती पूज्यता आदरार्थी बहुवचनातून आणावी, की 'घरमाउली'सारखा शब्द घडवावा, यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. असा विचार करायला लावणारी फॅन्टसी भाषेतच राहते, ती तिथून उचलून पडद्यावर मांडता येत नाही. ली ग्विन यांनी १९७३ मध्येच एका निबंधात शैलीबद्दल हेच बजावलं होतं: या प्रकारात जगाला आधार फक्त लेखकाच्या वाक्यांचा असतो.

आपल्याला हे नवं नाही. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांना जी. एं.नी नकाशा जोडला नाही, शेवटी शब्दसूची दिली नाही, आणि तरी तो प्रदेश पायांखाली लागतो. जी. ए. वाचलेल्या माणसाला नुसत्या ड्रॅगननं भुलवता येत नाही. मुग्धा कर्णिक यांनी टोल्किन 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणला तेव्हा तो परका वाटला नाही, यालाही हीच पूर्वतयारी कारण असावी.

भाचीला शेवटी मी दिलं ते कोलंबोच्या वज्र चंद्रशेखर यांचं 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३). नेब्युला पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. फेटर जन्मला तेव्हाच आईनं त्याची सावली उपटून काढली आणि बापाचा खून करण्यासाठी त्याला वाढवलं. बाप संतपदाला पोचलेला, लाखोंचा गुरू. मुलगा मोठा होऊन शहरात येतो, आणि तिथे त्याला भेटतात ते त्याच्यासारखेच, भविष्यवाणीत नाव येऊनही 'निवडले' न गेलेले लोक. ते एकमेकांना धीर द्यायला ठरल्या वेळी जमतात. शहरात रोगाची साथ आहे, दंगली आहेत, वंश आणि जात ठरवणारे कागद आहेत, आणि कधीच न उघडणारी रंगीत दारं आहेत.

या बापाच्या मागे बुद्धकथेची छाया आहे, मुलाच्या मागे राहुलाची. मराठी वाचकाला हे पुस्तक जड जातं ते इथे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेला बुद्ध हा आपल्याकडे मुक्तीचा शब्द आहे, दबलेल्यांचा आधार आहे. श्रीलंकेत त्याच नावाची ग्वाही देत बहुसंख्याकांच्या सत्तेनं तमिळांवर काय लादलं, त्याची आठवण या कादंबरीच्या पानापानात आहे. दोन्ही खरं आहे, आणि वाचताना दोन्ही एकाच वेळी मनात धरावं लागतं. लंडन-न्यूयॉर्कच्या समीक्षकाला ही ओढाताण आपल्याइतकी जाणवेल असं मला वाटत नाही.

भाचीनं पुस्तक दोन रात्रींत संपवलं. फोनवर बराच वेळ तिला काही बोलता येईना. मग म्हणाली, "आता असंच दुसरं सांग."

असंच दुसरं नाही. म्हणून मी तिला उलट दिशेनं पाठवलं, कार्टर यांच्या मालेत १९७० मध्ये पुन्हा छापल्या गेलेल्या मर्लीज यांच्या 'लड-इन-द-मिस्ट'कडे. मूळ पुस्तक १९२६ चं. व्यापाऱ्यांचं एक सुखवस्तू गाव आहे, तिथे परीदेशातून चोरून येणाऱ्या फळांचं नावसुद्धा घ्यायची बंदी. कोर्टात त्यांचा उल्लेख रेशमी कापड म्हणून होतो, म्हणजे कायद्यालाही त्यांच्याकडे बघावं लागत नाही. गावाचा नगराध्यक्ष पन्नाशीचा, पोटसुटा, प्रतिष्ठित. तरुणपणी माळ्यावर सापडलेल्या एका मोडक्या वाद्याची तार त्यानं सहज छेडली होती. तो एक सूर पुन्हा कानी पडेल या धास्तीनं तो आयुष्यभर घड्याळाच्या काट्यावर जगतो, आणि एके दिवशी मुलाला शोधायला त्याला त्याच सुराच्या गावी जावं लागतं.