तिकीट विकत घेतलं म्हणजे नेमकं काय घेतलं?



आजचा विषय आहे कार्यक्रमांच्या तिकिटांची ऑनलाइन फेरविक्री. तत्त्वज्ञानाच्या माणसानं या भानगडीत कशाला पडावं, असं काहींना वाटेल. पण या बाजाराच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो आमच्याच प्रांतातला आहे. तिकीट ही मुळात काय चीज आहे? याचं उत्तर चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. तो कसा चुकतो, ते आज बघू या.

आधी एक प्रसंग आठवा. २२ सप्टेंबर २०२४, रविवार. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं दुपारी बारा वाजता बुक माय शोवर खुली झाली. कार्यक्रम होते जानेवारी २०२५ मध्ये, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. कंपनीच्याच सांगण्यानुसार एक कोटी तीस लाख लोक त्या दिवशी तिकिटासाठी आले होते. कितीतरी जणांना मोबाइलवर रांगेतला आपला नंबर दिसला तो लाखांत. तिकिटं संपली, आणि फेरविक्रीच्या परदेशी संकेतस्थळांवर त्याच कार्यक्रमांची तिकिटं लाखांच्या भावानं दिसू लागली. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी सुरू केली, पुढे ईडीनं छापे घातले. या संकेतस्थळांशी आमचा संबंध नाही, असं बुक माय शोनं जाहीर केलं.

ही संकेतस्थळं काही कालची नाहीत. अमेरिकेत स्टबहब २००० साली सुरू झालं, लंडनमध्ये व्हायागोगो २००६ साली. २०२० मध्ये दुसऱ्यानं पहिलं विकत घेतलं, चारशे कोटी डॉलरहून अधिक किमतीला. स्वतः एकही कार्यक्रम न करणाऱ्या धंद्याची ही किंमत. कामाची पद्धत साधी. ज्याच्याकडे तिकीट आहे तो हवा तो भाव लावतो, ज्याला हवं तो घेतो, आणि व्यवहारावर संकेतस्थळ आपलं शुल्क कापून घेतं.

आता या बाजाराची बाजू आपण प्रामाणिकपणे मांडू या. प्रतिपक्षाला दुबळं करून हरवण्यात काही अर्थ नसतो. ते म्हणतात, तिकीट मी पैसे मोजून घेतलं, ते माझं झालं. माझी सायकल मी कितीलाही विकतो, मग तिकीट का नको? दुसरं, माणूस आजारी पडतो, घरात काही घडतं, अशा वेळी तिकीट वाया का घालवायचं? तिसरं म्हणणं अर्थशास्त्र्यांचं, आणि तेच सर्वांत वजनदार. मुळात तिकिटाचा दर कमी ठेवलेला असतो. फेरविक्रीत ते अशा माणसाकडे जातं, ज्याला त्याचं मोल सर्वांत जास्त आहे. विकणारा खूश, घेणारा खूश. मग तक्रार कोणाची?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. ‘ज्याला मोल जास्त, त्याला तिकीट.’ हे मोल मोजलं कशानं? तर तो किती पैसे द्यायला तयार आहे, यावरून. आता बघा, पनवेलमध्ये मेसचा डबा लावून राहणारा एखादा विद्यार्थी आहे. पाच हजारांच्या तिकिटासाठी तो महिनाभराच्या जेवणाचे पैसे बाजूला काढतो. आणि दुसरा एक जण तीन लाख देतो, पण त्याच्या खात्यात ते गेल्याचं त्याला जाणवतही नाही. जास्त मोल कोणी दिलं? किमतीच्या आकड्यात इच्छा आणि ऐपत या दोन गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात. बाजार त्यांची बेरीज करतो आणि तिला नुसतं ‘इच्छा’ हे नाव देतो. मायकेल सँडेल या अमेरिकन विचारवंतानं २०१२ च्या आपल्या पुस्तकात न्यूयॉर्कमधल्या शेक्सपिअरच्या मोफत प्रयोगांचं उदाहरण घेतलं आहे. तिकडे पैसे देऊन भाडोत्री माणूस रांगेत उभा करता येत असे. प्रयोग मोफत, तरी श्रीमंताची सोय झालीच.

मग दर मुळात कमी का ठेवतात? अर्थशास्त्र्याला ती चूक वाटते. पण अनेकदा तो ठरवून घेतलेला निर्णय असतो. समोर कोण बसावं, याबद्दल कलावंताचं आणि आयोजकाचं काही म्हणणं असतं. आपल्याकडे सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीचा दर खुर्चीपेक्षा कितीतरी कमी असतो, तो काय हिशेब येत नाही म्हणून? २०२३ मध्ये द क्युअर या ब्रिटिश बँडनं अमेरिकेच्या दौऱ्यात दर मुद्दाम कमी ठेवले आणि तिकिटं शक्य तिथे हस्तांतरणीय ठेवली नाहीत. पण न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोरॅडो या राज्यांत त्यांना तसं करता आलं नाही, कारण तिथले कायदे फेरविक्रीचा हक्क जपतात. म्हणजे गाणाऱ्यानं श्रोत्याला दिलेली सवलत मधला माणूस खिशात घालणार, आणि कायदा राखण करणार मधल्या माणसाच्या हक्काची.

इथे आपण सायकलच्या मुद्द्यापाशी येतो. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ साली ‘कोटीदोष’ या कल्पनेची चर्चा केली. एका जातीच्या गोष्टीला दुसऱ्या जातीची समजलं, की हा दोष होतो. त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे: पाहुण्याला सगळी कॉलेजं, ग्रंथालयं, मैदानं दाखवली, तर तो शेवटी विचारतो, ‘हे सगळं ठीक, पण विद्यापीठ कुठे आहे?’ माझ्या मते फेरविक्रीचा बाजार असाच कोटीदोष करतो. सायकल ही वस्तू आहे. तिकीट हे वचन आहे. ‘अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक जागी मी तुम्हाला आत घेईन’ असं कोणीतरी दिलेलं वचन. कायदाही बहुतेक ठिकाणी त्याला प्रवेशाचा परवानाच मानतो. वचनाचं कसं असतं? ते पाळणारा एक असतो, ज्याला दिलं तो दुसरा असतो. तिसरा येऊन ‘हे वचन आता माझ्या दुकानात मिळेल’ म्हणायला लागला, तर आपण त्याला विचारायला हवं, की बाबा, तू यात कोण?

आणि ‘मी कोणीच नाही, मी फक्त व्यासपीठ आहे’ हेच या संकेतस्थळांचं ठरलेलं उत्तर असतं. ते तपासून घेऊ. जुन्या एकपडदा थिएटरबाहेर ‘दहाचे वीस’ म्हणत ब्लॅकवाला उभा असायचा. त्याचं मी समर्थन करत नाही. पण त्यानं निदान स्वतःचे पैसे गुंतवलेले असत, तिकीट त्याच्या हातात असे, पोलीस आला तर पळावं लागे, आणि पिक्चर सुरू झाला की उरलेली तिकिटं रद्दी. संकेतस्थळाला यातलं काहीच सोसावं लागत नाही. तिकीट त्याचं नाही, भाव त्यानं लावलेला नाही, पण शुल्क मात्र त्याचं. कधी कधी तर विकणाऱ्याकडेही अजून तिकीट नसतं. आधी विकायचं आणि मग मिळवायचं. ब्रिटनमध्ये लीड्सच्या न्यायालयानं २०२० साली दोन तिकीट-दलालांना तुरुंगात पाठवलं, त्या प्रकरणात हाही प्रकार होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टानं व्हायागोगोला सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. कारणं बघा: आपण अधिकृत विक्रेते आहोत असा ग्राहकाचा समज करून देणं, तिकिटं संपत आल्याचा दिशाभूल करणारा देखावा करणं आणि जवळजवळ २८ टक्के बुकिंग शुल्क सुरुवातीला न सांगणं. नुसतं व्यासपीठ असलेल्याला घाई दाखवायची गरज का पडावी?

काही संकेतस्थळं हमी देतात, तिकीट चाललं नाही तर पैसे परत. ठीक. पण नागपूरहून मुलीला घेऊन आलेल्या माणसाला गेटवरून परत पाठवलं, तर त्याला पैसे परत मिळतील, ती संध्याकाळ नाही.

आता अडचणीचा प्रश्न उरतो. माणूस खरोखरच आजारी पडला तर? याचं उत्तर आपल्या रोजच्या अनुभवात आहे, आणि ते म्हणजे रेल्वे. रेल्वेचं आरक्षण नावावर असतं. प्रवास रद्द झाला तर तुम्ही ते फलाटावर जास्त बोली लावणाऱ्याला विकत नाही. रद्द करता, काही पैसे कापले जातात, आणि वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या माणसाला जागा मिळते. तो पुढचा माणूस तुमच्या ओळखीचा नसतो, त्यानं किती देऊ केले हेही कोणी विचारत नाही. रेल्वे कायदा, १९८९ मधलं कलम १४३ तर परवानगीशिवाय तिकिटांचा धंदा करणं हा गुन्हाच मानतं. हे कलम ई-तिकिटांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

गंमत अशी, की त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका फेटाळली. नियम करणं हे विधिमंडळाचं आणि शासनाचं काम आहे, असं सांगून. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. रेल्वेसाठी कायदा होता, मैफलीसाठी नव्हता.

‘अहो, प्रवास ही गरज, गाणं ही चैन’ असं कोणी म्हणेल. पण कलम १४३ मधल्या तत्त्वाचा गरजेशी संबंध नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गालाही ते लागूच आहे. तत्त्व असं आहे, की जागा मोजक्या आहेत, त्या एका जाहीर नियमानं वाटल्या आहेत, तर तो नियम वाटेत कोणी विकत घेऊ नये. आयर्लंडनं २०२१ साली कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं छापील किमतीपेक्षा जास्त भावानं विकायला बंदी केली. तिकीट दुसऱ्याला देता येतं, त्यावर नफा कमावता येत नाही. आजारी माणसाची सोय झाली, दलालाची झाली नाही.

याचा अर्थ रांग निर्दोष आहे असं नव्हे. ज्याच्या घरी चार मोबाइल आणि वेगवान इंटरनेट, तो ऑनलाइन रांगेतही पुढे असतो. आयोजक किती तिकिटं सामान्य विक्रीला ठेवतात आणि किती प्रायोजकांना, पाहुण्यांना देतात, हे आपल्याला कोणी सांगत नाही. ते सांगायला भाग पाडलं पाहिजे. चिठ्ठ्या टाकून वाटप करणं कदाचित अधिक न्याय्य ठरेल. पण रांग वाईट असेल तर रांग दुरुस्त करायची. ती मोडून जागेचा लिलाव करायचा आणि त्याला कार्यक्षमता म्हणायचं, हा उपाय नव्हे.

तेव्हा मागणी छोटी आहे. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाच्या विक्रेत्यानं तिकीट परत घेण्याची सोय ठेवावी, परत आलेलं तिकीट मूळ किमतीला प्रतीक्षा यादीतल्या माणसाला द्यावं, आणि त्याहून जास्त भाव लावणाऱ्या संकेतस्थळाला इथे धंदा करू देऊ नये. रेल्वेच्या खिडकीवर ही व्यवस्था आपण वर्षानुवर्षं वापरत आलो आहोत. न्यायालयानं चेंडू विधिमंडळाकडे टाकला आहे, आणि विधिमंडळात आपण निवडून दिलेली माणसं बसतात. त्यांना एवढं एक पत्र लिहायला हरकत नाही.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.