उंदरांना विसरलेली एकता

‘एक अनेक और एकता’ या कार्टूनपटाचं शेवटचं गाणं माझ्या आधीच्या पिढीला तोंडपाठ आहे. त्याआधीची गोष्ट मात्र फारशी कुणाला आठवत नाही. गेल्या वर्षी, २०२५च्या जुलैत, मीरा रोडला भाषेवरून मोर्चे निघाले तेव्हा इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हेच गाणं टाकलं. मी अख्खा चित्रपट पाहिला. १९७४चा, फिल्म्स डिव्हिजनचा, जेमतेम सात मिनिटांचा. दिग्दर्शन विजया मुळे, संगीत वसंत देसाई, अ‍ॅनिमेशन भीमसैन.

एक ताई मुलांना एक आणि अनेक म्हणजे काय ते समजावते. मग गोष्ट सुरू होते. दाण्यांच्या लोभाने पक्षी जाळ्यात अडकतात आणि सगळे मिळून जाळ्यासकट उडतात. पंचतंत्रातल्या चित्रग्रीवाची ही गोष्ट आपण सहसा इथपर्यंतच सांगतो. पण एकीने जाळं फक्त उचललं जातं, तुटत नाही. ते कुरतडायला उंदीर लागतात. पंख नसलेले, जमिनीत राहणारे, जाळ्यात न सापडलेले. पक्षी सुटतात ते त्यांची अशा परक्यांशी आधीपासून मैत्री आहे म्हणून. मला ही चित्रपटातली सर्वांत मोलाची जागा वाटते, आणि चित्रपट तिथे क्षणभरही रेंगाळत नाही. मुलं मिळून आंबे काढतात, गाणं सुरू होतं, उंदीर गायब. गाण्यात फुलांची माळ होते, नद्या सागरात एक होतात. त्यांत आपली महाबळेश्वरची कृष्णाही आहे. सागरात गेल्यावर कृष्णेचं पाणी ओळखायचं कसं, हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारायला हवा होता.

देशावरच्या या चित्रपटात देशाचा इतिहास कुठेच नाही. देश जणू पहिल्यापासून असाच होता. भीमसैन मुलतानचे, फाळणीत त्यांचं कुटुंब लखनौला आलं. सरकारी शैक्षणिक चित्रपटात याचा मागमूस नसावा, हे समजू शकतं. पण तीनच वर्षांनी त्यांनी ‘घरौंदा’ केला. मुंबईत एका फ्लॅटसाठी पैसे जमवणारे दोन कारकून, बिल्डरने केलेली फसवणूक, आणि त्यापायी तुटत गेलेलं त्यांचं प्रेम. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून भाईंदर गाठलेल्या आमच्या वस्तीला हे समजावून सांगावं लागत नाही. इथे गुजराती, मारवाडी, मराठी, उत्तर भारतीय शेजारी आले ते चौरस फुटाच्या भावामुळे. एकतेच्या गाण्यात त्या भावाला जागा नव्हती.

दोन्ही लागोपाठ पाहायचे असतील तर आधी ‘घरौंदा’ पाहा. मग कार्टूनमध्ये उंदीर आले की थांबवून तेवढा भाग पुन्हा लावा.