कर्ज आणि ऋण

अर्थसंकल्पाचे भाषण एकटेपणाच्या उल्लेखाने सुरू झालेले मी तरी दुसरे वाचलेले नाही. 24 जुलै 1991 च्या संध्याकाळी डॉ. मनमोहन सिंग लोकसभेत उभे राहिले. आकड्यांना हात घालण्याआधी त्यांनी सांगितले, की मन विलक्षण एकाकी झाले आहे. अर्थसंकल्प कान देऊन ऐकणारा एक देखणा, हसरा चेहरा आज समोर नाही. श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. बोलणारा माणूस तेव्हा संसदेच्या कोणत्याच सभागृहाचा सदस्य नव्हता. राज्यसभेवर तो पुढे ऑक्टोबरात गेला. सरकार अल्पमतातले, तिजोरी रिकामी. अशा वेळी मंत्री अवसान आणून बोलतात. यांनी आधी सुतक पाळले आणि मग हिशेब उघडला.

हे भाषण मी पुष्कळदा वाचले आहे, आणि दर वेळी एका आकड्यापाशी थांबलो आहे. परकीय चलनाची गंगाजळी सुमारे अडीच हजार कोटी रुपये, म्हणजे पंधरवड्याची आयात भागेल एवढीच. भाषणात तुटीचे, व्याजाचे, महागाईचे पुष्कळ आकडे आहेत. राजकोषीय तूट सकल उत्पन्नाच्या आठ टक्क्यांवर गेल्याचेही आहे. ते बहुतेक टक्क्यांत आहेत आणि टक्केवारी सामान्य माणसाच्या अंगावर येत नाही. पंधरवडा मात्र येतो. घरात किती दिवसांचे पीठ उरले आहे, हे विचारण्याची आपली रीत आहे. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने देशाला नेमक्या त्याच रीतीने सांगितले, की डब्यात एवढेच आहे. पुढचे विधानही त्याच वळणाचे: उसन्या पैशावर आणि उसन्या वेळेवर दिवस काढायला आता जागा उरलेली नाही. उसना पैसा सगळ्यांना ठाऊक असतो. उसनी वेळ हा शब्द त्यांनी त्याच्या शेजारी आणून बसवला आणि सबंध दशकाची चूक दोन शब्दांत धरली.

आपल्याकडे सोने मोडणे आणि सोने गहाण टाकणे यांत मोठा फरक मानतात. मोडलेल्याचे रडून होते. गहाण टाकलेल्याचा घोर लागून राहतो. देशाने त्या वर्षी जवळपास दोन्ही केले. मे महिन्यात वीस टन सोने परत घेण्याच्या बोलीवर विकले गेले. जुलैत, हे भाषण होण्याआधीच्या आठवड्यांत, रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी गेले, बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून, आणि त्यावर सुमारे चाळीस कोटी डॉलर उभे राहिले. 1 आणि 3 जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. मुंबईच्या ज्या बँकेतून ते सोने निघाले, त्या बँकेचे मनमोहन सिंग 1982 ते 1985 गव्हर्नर होते. सोन्याच्या त्या विटांची राखण एके काळी ज्याने केली, त्याच्याच कारकिर्दीत त्या बाहेर पडल्या. भाषण वाचताना हे ध्यानात ठेवले, की कोरड्या वाटणाऱ्या वाक्यांचा सूर बदलतो.

गव्हर्नरपदावरून पुढे अर्थमंत्री झालेली माणसे आपल्या देशात दोनच, आणि त्यांतले पहिले आपले चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले म्हणून महाराष्ट्राने त्यांना हृदयाशी धरले. मला मात्र या दोघांत दुसरेच साम्य दिसते. दोघांनाही निवडणुकीच्या मैदानात कधी गर्दी खेचता आली नाही, आणि दोघांनी सरकारी टिपणाच्या भाषेला सचोटीचे तेज आणले. सिंग 1999 साली दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. लोकसभेची निवडणूक त्यांनी पुन्हा लढवली नाही.

आता भाषणाच्या पोटात शिरू. सगळे जण त्याला उदारीकरणाचे भाषण म्हणतात, आणि त्याच दिवशी मांडलेल्या औद्योगिक धोरणाने अठरा उद्योग वगळता बाकीच्यांचे परवाने रद्द केलेही. आयातशुल्काची कमाल मर्यादा दीडशे टक्क्यांवर आणली गेली. ही यादी कुठेही वाचायला मिळते. मला मोलाची वाटते ती त्यामागची विचारांची शिवण. उद्योगांना बेसुमार संरक्षण दिल्याने निर्यात करण्याची उमेद खचली, आणि त्याचा भार ग्रामीण अर्थव्यवस्थेवर पडला, असे ते मांडतात. हा विचार त्यांना मंत्री झाल्यावर सुचलेला नव्हता. ऑक्सफर्डला 1962 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली ती भारताच्या निर्यातीवर. 1964 साली तिचे पुस्तक झाले. आपला माल जगात खपत नाही याचा सगळा दोष जगाला देऊ नये, हे तिशीतल्या संशोधकाने लिहिलेले जवळजवळ तीस वर्षांनी देशाचे धोरण झाले. मधली वर्षे हाच माणूस परवाना-व्यवस्थेच्या कचेऱ्यांत बसला होता: मुख्य आर्थिक सल्लागार, वित्त सचिव, नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष. काहींना ही विसंगती वाटते. मला वाटते, यंत्राचा कोणता स्क्रू गंजला आहे हे सांगायला ते आतून पाहिलेला माणूसच लागतो. नेहरूंच्या वारशावर न थुंकता त्यातले साचलेले पाणी वाहते करण्याची त्यांची भाषा या अनुभवातून आली आहे.

आणि मग संपत्तीबद्दलचा उतारा. बाजार मोकळा करणाऱ्या अर्थमंत्र्याने पश्चिमेकडून उसन्या आणलेल्या बेदरकार चंगळवादाला आपण उत्तेजन देत नाही, असे त्याच भाषणात बजावावे आणि गांधींच्या विश्वस्त-कल्पनेची आठवण द्यावी, हे पुढे आपण सोयीस्करपणे विसरलो. संपत्ती ही अखेर समाजाची निर्मिती आहे, ती बाळगणाऱ्याने ठेव म्हणून बाळगावी, हा त्याचा आशय. 1991 चे गोडवे गाणारे हा उतारा वगळतात, 1991 ला शिव्या देणारेही वगळतात.

अर्थमंत्रिपदाच्या त्या पहिल्या काळातल्या बोलण्यात एक जागा अशी आहे, जिथे मी हटकून हळवा होतो. स्वतःविषयी कधी न बोलणारा हा माणूस सभागृहाला सांगतो, की आपण कायम दुष्काळाने गांजलेल्या, आता पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात गरीब घरात जन्मलो. शिष्यवृत्त्यांच्या बळावर इथे आणि इंग्लंडात शिकलो. देशाने मोठमोठी पदे दिली. हे देणे आपल्याकडून पूर्ण फिटणार नाही. ते खेडे म्हणजे गाह. जन्म 26 सप्टेंबर 1932 चा. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवले, शाळा उर्दूतून झाली, फाळणीनंतर घर अमृतसरला आले. इंग्रजीत त्यांनी देशाच्या देण्यासाठी आणि स्वतःच्या देण्यासाठी एकच शब्द वापरला. मराठीत आपल्याला दोन लागतात. देशाच्या डोक्यावर होते ते कर्ज, त्याला व्याज आणि मुदत असते. या माणसाच्या डोक्यावर होते ते ऋण, त्यात राहायचे असते. कर्जाच्या आकड्यांनी भरलेले बोलणे ऋणाच्या कबुलीपाशी येऊन थांबते, आणि मला सबंध कारकीर्द या दोन शब्दांच्या मधल्या जागेत वाचता येते.

डोके कठोर ठेवीन पण माणसांशी मन मऊ ठेवीन, असा शब्दही त्यांनी सभागृहाला दिला. तो मऊपणा खतांच्या प्रश्नावर पणाला लागला. अर्थसंकल्पात खतांचे भाव चाळीस टक्क्यांनी वाढवले गेले. स्वपक्षातूनच गदारोळ उठला आणि 6 ऑगस्टला वाढ तीस टक्क्यांवर आली, लहान व अल्पभूधारक शेतकरी तिच्यातून वगळले गेले. याला कोणी माघार म्हणेल. पंधरवड्याची शिल्लक असलेल्या तिजोरीच्या रखवालदाराने पंधरवड्याच्या आत ऐकून घेतले, याचे मला मोल वाटते. पुढे पंतप्रधान म्हणून 2006 साली ते विदर्भात आले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्यांना भेटले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींची योजना जाहीर केली. तिने दुखण्याचे मूळ हलले नाही हे यवतमाळात कोणीही सांगेल. पण आमच्या वि. स. पागे यांच्या रोजगार हमीतून स्फुरलेला देशव्यापी कायदा त्यांच्याच सरकारने केला, आणि माहितीचा अधिकारही त्याच 2005 साली आला. ज्या कायद्याने पुढे त्यांच्या सरकारला घाम फोडला, तोही त्यांचाच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी 1984 च्या शिखांच्या हत्याकांडाबद्दल माफी मागितली, शिखांची आणि साऱ्या देशाची. जे घडले ते राज्यघटनेतल्या राष्ट्रकल्पनेलाच नाकारणारे होते, आपली मान शरमेने खाली जाते, असा त्याचा आशय. जवळ ठेवून पाहिले तर हे 1991 च्याच घडणीचे बोलणे आहे: आधी देणे कबूल करायचे. पक्ष सत्तेत असताना, त्याच पक्षाच्या काळात झालेल्या पापाबद्दल, स्वतः शीख असलेल्या पंतप्रधानाने.

म्हणूनच 2010 नंतरची त्यांची मौने मला अजून बोचतात. स्पेक्ट्रम आणि कोळशाच्या प्रकरणांत देश त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. पंधरवड्याची शिल्लक सांगायला जो कचरला नाही, त्याने त्या दिवसांत हिशेब उघडून ठेवायला हवा होता. त्यांच्या वैयक्तिक सचोटीवर कोणाचे बोट नव्हते, पण सचोटी बोलली पाहिजे अशी वेळ असते, आणि ती त्यांनी हातची जाऊ दिली. जानेवारी 2014 च्या पत्रकार परिषदेत इतिहास आपल्याशी अधिक ममतेने वागेल असे ते म्हणाले. तो वागतो आहे, हे 26 डिसेंबर 2024 ला ते गेल्यानंतरच्या दिवसांत दिसले. तरी त्या मौनाची नोंद राहावी.

नोव्हेंबर 2016 मध्ये राज्यसभेत नोटाबंदीवर ते काही मिनिटे बोलले. आवाज नेहमीसारखाच खाली, कागद हातात. स्वतःचेच पैसे काढण्यावर लोकांना बंदी घालणारा देश दुसरा कोणता, असा त्यांचा प्रश्न होता.

माझ्या आजीच्या पानाच्या डब्यात तळाला दोन जुन्या नोटा सापडल्या होत्या. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवाची सही असते आणि वचन काही नसते. ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची, मनमोहन सिंगांच्या सहीची. दुसरी दहाची, रिझर्व्ह बँकेची. तिच्यावर धारकाला दहा रुपये अदा करण्याचे वचन छापलेले आहे, आणि त्या वचनाखाली त्याच माणसाची, आता गव्हर्नर म्हणून, सही. घड्यांवर कागद विरला आहे, सही मात्र अजून वाचता येते. भाषणाच्या छापील प्रतीत, पंधरवड्याच्या आकड्याच्या पानावर, मी ती दहाची नोट खूण म्हणून ठेवली आहे.