प्रतिरूप यंत्र आणि असेंब्ली भाषेचे अध्यापन

चिंचणी येथे सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती बहुधा मूळ ताम्रपट नसतो. त्याचा शाईने घेतलेला ठसा असतो. ठशावरून अक्षर लागते, धातूचे वजन कळत नाही. जुन्या मिनिकॉम्प्युटरचे प्रतिरूप आजच्या संगणकावर चालवून असेंब्ली भाषा शिकविण्याची जी पद्धत आहे, तिचे परीक्षण याच दृष्टीने करावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उदाहरणादाखल पीडीपी-८ घेऊ. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने हे यंत्र १९६५ साली बाजारात आणले. त्याचे प्रतिरूप ‘सिमएच’ या संग्रहात विनामूल्य मिळते. बारा बिटांचा शब्द, ४०९६ शब्दांची मूळ स्मृती आणि आज्ञांचे अवघे आठ प्रकार. आपल्याकडे हा विषय बहुधा ८०८५ वा ८०८६ या मायक्रोप्रोसेसरांवर शिकविला जातो, आणि विद्यार्थी आज्ञांची यादी पाठ करतो. पीडीपी-८ मध्ये पाठ करण्याजोगे फारसे नाहीच. वजाबाकीची आज्ञा नाही. संख्येचे पूरक घेऊन, त्यात एक मिळवून, मग बेरीज करावी लागते. स्मृतीतील संख्या संचायकात आणण्याचीही स्वतंत्र आज्ञा नाही. संचायक शून्य करावयाचा व त्यात ती मिळवावयाची. सबरुटीनकडे जाताना परतीचा पत्ता त्या सबरुटीनच्या पहिल्याच शब्दात लिहिला जातो. साहजिकच सबरुटीनने स्वतःलाच पुन्हा बोलाविले की आधीचा पत्ता पुसला जातो व परतीची वाट हरवते. स्टॅक ही जणू निसर्गदत्त वस्तू आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्यास तिची गरज येथे प्रथम उमगते. एकेक आज्ञा चालवून तो शब्द बदलताना दाखविण्याची सोय प्रतिरूपात उत्तम आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

काळाच्या बाबतीत मात्र हा ठसा अपुरा पडतो. मूळ यंत्रास जोडलेला टेलिटाइप सेकंदास दहा अक्षरे छापी. स्मृतीचे एक आवर्तन दीड मायक्रोसेकंदाचे होते. म्हणजे दोन अक्षरांच्या दरम्यान सुमारे ६६ हजार आवर्तने होऊन जात. ‘छापून झाले काय?’ असे विचारीत दोन आज्ञांमध्ये घिरट्या घालणारा कार्यक्रम किती वेळ दवडतो, आणि इंटरप्टची कल्पना का आवश्यक ठरली, याचे उत्तर या आकड्यात आहे. प्रतिरूपात उपकरणाचा विलंब चाललेल्या आज्ञांच्या संख्येने मोजला जातो आणि मुळापेक्षा पुष्कळ कमी ठेवलेला असतो. तो वाढविता येतो. पण शिक्षकाने तो वाढविला नाही, तर इंटरप्ट ही केवळ परीक्षेत लिहावयाची व्याख्या होऊन बसते. हा दोष प्रतिरूपाचा कमी, अध्यापनाचा अधिक.

आणखी एक गोष्ट खटकते. चिंचणीच्या खाडीपलीकडे तारापूरच्या अणुवीज केंद्राचे व्यापारी उत्पादन १९६९ साली सुरू झाले. त्याच वर्षी, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला टीडीसी-१२ हा संगणक हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने सिद्ध केला. तोही बारा बिटांचाच. नावातील ‘टी’ ट्रॉम्बेची. पीडीपी-८ वर वर्ष काढल्यानंतर टीडीसी-१२ चे प्रतिरूप रचणे हा पदव्युत्तर प्रबंधास योग्य विषय आहे. त्यासाठी त्याच्या पुस्तिका मिळवाव्या लागतील, आणि ज्यांनी त्यावर काम केले त्यांना आज्ञांच्या आधी उपकरणांच्या वेगाविषयी विचारावे लागेल.