सांधा दिसला पाहिजे

तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत एक काम बारा महिने चालायचे. घरातले वडीलधारे माणूस गेले, की मुलगा लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचा आणि गर्दीतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवायचा. स्टुडिओवाला तेवढाच चेहरा मोठा करून घ्यायचा, खांद्यावर पडलेला शेजाऱ्याचा हात ब्रशने घालवायचा, अंगात कोट चढवायचा. आईचा फोटो वीस वर्षे आधीचा असला तरी तिला वडिलांशेजारी बसवायचा. या कामाला टचिंग म्हणत. जोडलेले कळू नये, यात कारागिराची सगळी अब्रू होती.

कौटुंबिक छायाचित्रांपासून केलेली प्रायोगिक कला आज दालनांत, महोत्सवांत, पुस्तकांत सर्वत्र दिसते. तिची हत्यारेही हीच आहेत: कात्री, डिंक, रंग, आणि आता संगणक. पण तिला मी उलट्या कसोटीवर पारखतो. दोन काळ, दोन माणसे जिथे जोडली तो सांधा दिसला पाहिजे, आणि कलाकृतीला जे म्हणायचे आहे ते त्या सांध्यापाशीच सापडले पाहिजे.

भारतात या वाटेवरचे सर्वांत महत्त्वाचे काम विवान सुंदरम यांचे. 'रि-टेक ऑफ अमृता' ही त्यांची चित्रमालिका २००१च्या सुमाराची. त्यांचे आजोबा उमरावसिंग शेरगिल संस्कृत-फारसीचे अभ्यासक होते आणि छायाचित्रणाचे वेडे होते. त्यांनी अनेक दशके स्वतःचे आणि घरच्यांचे फोटो काढले. पत्नी मारी आंत्वानेत, मुली इंदिरा आणि पुढे चित्रकार झालेली अमृता. बुडापेस्ट, पॅरिस, सिमला. स्वतःकडेही ते त्याच कुतूहलाने पाहत. पंधरा दिवसांच्या उपासानंतरचे त्यांचे उघड्या अंगाचे आत्मचित्र प्रसिद्ध आहे. अमृता १९४१ साली लाहोरला वारली तेव्हा अवघी २८ वर्षांची होती. इंदिरेचा मुलगा विवान १९४३चा. मावशीला त्याने पाहिले ते फोटोतच.

या फोटोंवर सुंदरम यांनी संगणकावर काम केले. वेगवेगळ्या सालातली, वेगवेगळ्या देशांतली माणसे एका खोलीत आणली. 'सिस्टर्स विथ टू गर्ल्स' या चित्रात अमृता आणि इंदिरा या बहिणी आहेत आणि त्यांच्यासोबत अमृतानेच १९३९ साली रंगवलेले 'टू गर्ल्स', एक गोरी आणि एक सावळी अशा दोन मुलींचे चित्र. या बहिणी आणि ते चित्र एकत्र आले की चित्रकर्तीच्या चित्राकडे आपण बहिणींच्या नात्यातून पाहू लागतो. अमृतेच्या कीर्तीमुळे कुटुंबाच्या कथेत कडेला राहिलेली इंदिरा इथे बरोबरीने उभी राहते. मुलाने आईसाठी केलेले हे काम आहे असे मला वाटते, आणि मालिकेतले ते सर्वांत हृद्य.

तरी या मालिकेबद्दल माझी एक तक्रार आहे. मूळ फोटोंत कोणी कुठे बसायचे, कुठे पाहायचे हे उमरावसिंग ठरवत. ती ठरवणाऱ्याची जागा नातवाने घेतली, पण मोडली नाही. बायका अजूनही कोणा पुरुषाच्या मांडणीत उभ्या आहेत. काही चित्रांत सावल्या आणि उजेड इतके बेमालूम जुळवले आहेत, की नजर कुठे अडतच नाही. तिथे सुंदरम टचिंगवाल्याच्या फार जवळ जातात.

दक्षिण आफ्रिकेच्या लेबोहांग खान्ये यांनी हाच पेच वेगळ्या रीतीने हाताळला. आई वारल्यावर तिचे कपडे घालून, तिच्याच जुन्या फोटोंतल्या जागी, तिच्याच ढबीत त्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. २०१३च्या 'के लेफा लाका' मालिकेत आई ठळक आहे, मुलगी तिच्या शेजारी जरा सरकलेली, अर्धपारदर्शक. दोघींच्या आकृत्या एकमेकींवर नीट बसत नाहीत. त्या न बसण्यातच सगळे दुःख आहे. ब्रिटनच्या जिलियन वेअरिंग यांनी २००३च्या 'अल्बम'मध्ये आई, वडील, भाऊ यांचे हुबेहूब मुखवटे चढवून त्यांचे जुने फोटो स्वतःच्या देहाने पुन्हा उभे केले. डोळ्यांभोवती मुखवट्याची कड दिसते, आणि आतून पाहणारे डोळे वेअरिंग यांचे स्वतःचे असतात.

या कामांच्या तुलनेत आजचे पुष्कळसे काम मला फिके वाटते. चोरबाजारात मिळालेला कुणाचा तरी फोटो, चेहऱ्यावर रंगीत दोऱ्याचे भरतकाम, कडेला सोन्याचा वर्ख. दिसायला देखणे असते. पण त्या जागी दुसऱ्या कुणाचा फोटो ठेवला तरी काही बिघडत नाही, आणि हीच अडचण आहे. ज्या बाईचा चेहरा दोऱ्याखाली गेला तिच्याबद्दल कलावंताला काही विचारायचे होते, याची खूण कुठे मिळत नाही.

संगणकाने तर टचिंगचे स्वप्न पुरे केले. मायहेरिटेज या वंशावळीच्या संकेतस्थळाचे 'डीप नॉस्टॅल्जिया' हे जुने फोटो हलते करणारे साधन २०२१ साली आले, आणि लोकांच्या आज्या-पणज्या पडद्यावर पापण्या मिटू लागल्या, मान वळवून हसू लागल्या. ती मान वळवण्याची लकब मात्र आधीच चित्रित करून ठेवलेल्या भलत्याच कुणाची असते. याउलट ॲनू पलक्कुन्नत्तू मॅथ्यू यांच्या 'रि-जनरेशन'मध्ये जुना फोटो हळूहळू त्याच घरातल्या आजच्या बायकांच्या फोटोत मिसळतो. तीन पिढ्या येतात, आजी विरते, आणि बदल होताना आपण पाहत असतो. दोन्हीकडे फोटो हलतोच. मॅथ्यू यांच्याकडे मधली वर्षेही दिसतात.

आपल्या जवळचे एक चांगले उदाहरण गोव्याचे. सेरेंडिपिटी कला महोत्सवात २०१९ साली लीना व्हिन्सेंट आणि अक्षय महाजन यांनी 'गोवा फॅमिलिया' मांडले. गोवेकर कुटुंबांचे फोटो तिथे त्या कुटुंबांनी सांगितलेल्या हकिकतींसह आले. फोटो घराण्यापासून तोडला नाही, हे त्याचे मोठेपण.

पण अल्बम ही परवडणाऱ्यांची चीज आहे, याचा विचार या सगळ्या कलेत फार थोडा झाला आहे. शेरगिलांकडे एकोणिसाव्या शतकातच कॅमेरा होता. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आजोबांचा एकच फोटो सापडतो, तोही ओळखपत्रावरचा. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुंबईतल्या घरातला, राजगृहातला १९३४चा फोटो घ्या: बाबासाहेब, पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी कुत्रा. पुढच्याच वर्षी रमाबाई वारल्या. आंबेडकरी घरांत हा फोटो आपल्याच माणसांचा म्हणून लावला जातो. ज्यांच्या आजीचा फोटोच कधी निघाला नाही, त्यांच्यासाठी तो अल्बमचे पहिले पान आहे. एकाच फोटोवर, किंवा फोटोच्या अभावावर, प्रयोग कसा करायचा हा प्रश्न मराठी कलावंतांनी घ्यावा असा आहे, आणि त्यासाठी शेरगिलांची संपत्ती लागत नाही.

सामग्री मात्र झपाट्याने जाते आहे. स्टुडिओ बंद पडले, की निगेटिव्हच्या पेट्या भंगारात निघतात. त्यांत न पुसलेले हात आहेत, कोट चढण्याआधीचे सदरे आहेत, कापून टाकलेली शेजारची माणसे आहेत. टचिंग करणारे म्हातारे कारागीर काही गावांत अजून आहेत. कोणता चेहरा कुठून आणला आणि कोणाला वगळले, हे त्यांच्याकडून ऐकून नोंदवून घेण्याचे काम कलाशाळांनी याच वर्षी हाती घ्यायला हवे.