मैफल संपल्यानंतरचं गाणं

उस्ताद अमीर खाँ 13 फेब्रुवारी 1974 रोजी कोलकात्यात मोटार अपघातात गेले. हयातीत त्यांच्या मोजक्याच एलपी निघाल्या. मारवा आणि दरबारीची तबकडी रसिकांनी झिजेपर्यंत ऐकली. तरी आज आपण ज्यांना ओळखतो ते खाँसाहेब बऱ्याच अंशी त्यांच्या पश्चात बाहेर आलेल्या मैफलींतून आणि आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांतून घडले आहेत. कलावंत गेल्यावर निघालेला अल्बम म्हणजे उरलंसुरलं, हा समज ख्यालगायकीत साफ खोटा ठरतो.

याचं कारण यंत्रात आहे. 78च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, एलपीच्या बाजूला वीस-बावीस. झुमऱ्यातल्या अतिविलंबित लयीला, मंद्रातल्या एकेका स्वरावर रेंगाळणाऱ्या बढतीला एवढ्यात काय होणार? मैफलीच्या टेपवर सम यायला अवकाश मिळतो. मध्येच कुणी खोकतं, तंबोरा पुन्हा जुळवला जातो. मग एखादी सरगम येते आणि तिच्यामागे केवढी तयारी साचली होती हे कळतं. स्टुडिओत खाँसाहेबांनी रागाचा नेमका अर्क दिला. राग उलगडताना त्यांचं मन कसं चालायचं, ते मात्र या टेपांनीच दाखवलं.

बापूराव पलुस्करांचं तर त्याहून विलक्षण. 1955 साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. एलपी आपल्याकडे रुजली ती त्यानंतर. म्हणजे त्यांचं सविस्तर ख्यालगायन असलेल्या तबकड्या, कॅसेटी, सीडी या सगळ्या मरणोत्तरच. त्या निघाल्या नसत्या तर पलुस्कर आपल्यापाशी तीन मिनिटांच्या रेखीव चिजा आणि भजनं एवढेच उरले असते. वसंतराव देशपांड्यांनाही ‘कट्यार’ नाटकातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेपलीकडे नेलं ते अशाच ध्वनिमुद्रणांनी. कॅसेटच्या जमान्यात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींचं गाणं घरोघर पोहोचवलं, त्याचं ऋण माझ्या पिढीवर मोठं आहे.

म्हणूनच आजच्या प्रकाशनांतली बेफिकिरी सोसवत नाही. टेप सुमारे सहा टक्के जलद फिरली की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आवाजाचा पोत पातळ होतो, लयही चढते. असे अल्बम बिनदिक्कत विकले जातात. खरखर काढण्याच्या नादात तंबोऱ्याची जवारी पुसली जाते आणि गाणं पोकळीत टांगल्यासारखं वाटतं. थोडी खरखर राहू द्यावी. कान तिला चटकन सरावतात, हरवलेली जवारी परत मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे आलाप ‘लांबला’ म्हणून केलेली काटछाट, तीही न सांगता. वेष्टनावर साल नसतं, गाव नसतं. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, याचा पत्ता नसतो. मुख्य गायक हयात असता तर साथीदारांची नावं त्यानेच आग्रहाने घालायला लावली असती.

संमतीचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. केसरबाई केरकर रेडिओपासून दूर राहिल्या. आपलं गाणं कुणी टिपून घेऊन जाऊ नये, याबद्दल त्या कमालीच्या दक्ष होत्या. तरीही त्यांच्या काही खाजगी मैफली 1977 साली त्या गेल्यानंतर संग्राहकांच्या हातून हातात फिरत राहिल्या. त्या मी ऐकल्या आहेत. तीन मिनिटांच्या तबकडीवरची केसरबाई आणि ही दमसासाची केसरबाई यांत एवढं अंतर आहे की त्या टेपा नष्ट व्हाव्यात असं म्हणवत नाही. पण ज्या बाईंनी आयुष्यभर नकार दिला, त्यांचं गाणं चकचकीत वेष्टनात घालून विकणंही मला पटत नाही. अशा टेपा मुंबईच्या एनसीपीएसारख्या संग्रहात, मूळ लांबीसह, साथीदारांच्या नावांसह जपाव्यात आणि त्यांची जयपूर-अत्रौली गायकी शिकणाऱ्या कुणालाही तिथे बसून त्या विनामूल्य ऐकता याव्यात.