‘मरण लांबविणे’ : एका कायद्याची भाषा

१९८२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टन येथे, एक अर्भक जन्मास आले. त्यास डाउन सिंड्रोम होता. अन्ननलिकाही अखंड नव्हती. मातापित्यांनी शस्त्रक्रियेस संमती दिली नाही, राज्यातील न्यायालयांनी त्यांचा निर्णय उचलून धरला, आणि सहाव्या दिवशी ते अर्भक मृत्यू पावले. त्या वादातून बालछळ-प्रतिबंधक कायद्याची १९८४ ची दुरुस्ती निघाली. नीतिज्ञांनी तिची चिकित्सा पुष्कळ केली आहे. तिच्या शब्दयोजनेकडे मात्र भाषाभ्यासकानेच पाहावयास हवे.

केवळ व्यंग आहे म्हणून उपचार नाकारले जाऊ नयेत, हा दुरुस्तीचा हेतू निर्विवाद आहे. उपचार न करण्याची मुभा मोजक्याच स्थितींत आहे : बालक कायमचे बेशुद्ध असेल, उपचाराने केवळ त्याचे मरणे लांबणार असेल, किंवा उपचार जवळजवळ व्यर्थ आणि त्या परिस्थितीत अमानुषही ठरणार असतील तर. मूल्यनिर्णय टाळून केवळ वैद्यकीय तथ्य सांगितल्याचा हा आव आहे. तो टिकत नाही. ‘अमानुष’ हा शब्द कोणत्याही तपासणीत सापडत नाही. आणि ‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे ठरविणारा कोणी तरी मनुष्यच असतो.

खरी गोम मधल्या कलमात आहे. त्याच यंत्राने, तितकेच दिवस, जे लांबते त्यास ‘जगणे’ म्हणावयाचे की ‘मरणे’? कर्मपद निवडले की निकाल लागला. मरणे सुरू झाले आहे, हे वैद्याचे भाकीत. कायदा ते घडून गेलेल्या गोष्टीप्रमाणे मांडतो.

मराठीत हा पेच अधिकच बिकट होतो. ‘मरण’ आपल्याकडे बहुधा घटना आहे, प्रक्रिया नव्हे. म्हणून ‘मरण लांबले’ याचा पहिला अर्थ ते पुढे गेले, म्हणजे आयुष्य वाढले, असाच होतो. ‘मरण लांबविणारे उपचार थांबवावे काय?’ असे एखाद्या संमतिपत्रात वाचणाऱ्या आईस ते मरण लांबावे एवढेच हवे असते. ‘मरणकळा लांबविणे’ म्हणावे तर मूळ कलमात नसलेली वेदना त्यात शिरते. आणि बेशुद्ध अर्भकास ती होते की नाही, हाच तर वादाचा विषय. ‘मरणासन्न अवस्था’ हा पर्याय अर्थास जवळचा आहे. पण रुग्णालयाच्या ओसरीवर तो समजावून सांगणारे कोणी तरी हवे.